प्रेबेनचा घुमट, बोदिलचा मनोरा

"कपाट आपलंच! यंदाही आपलंच!" काळ्या पावावर लोणी फासता फासता प्रेबेन राउनने जाहीर केलं.

हे त्याने घरात जाहीर केलं, एवढं ध्यानात घ्या. घराबाहेर असं बोलायची आमच्या स्केलरुपात सोय नाही. इथे कोणी स्वतःची टिमकी वाजवली तर गाव त्याच्याशी भांडत नाही. नुसतं "हो का?" म्हणतं आणि जन्मभर त्याच्या पाठीमागे हसतं! कौतुकाचंही तसंच. एखाद्याने जीव ओतून काही केलं, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी बघणारा म्हणणार, "वाईट नाही." 'वाईट नाही' म्हणजे आमच्याकडचं सुवर्णपदक. त्याच्या वर काही नाही.

आता हे कपाट म्हणजे काय प्रकरण, ते सांगतो. गावच्या वाचनालयात शिरल्या शिरल्या समोर एक काचेचं कपाट आहे. आत चार छोटे दिवे, खाली निळी मखमल. आमचा विटा-क्लब दर हिवाळ्यात क्रीडागृहात प्रदर्शन भरवतो. विटा खेळण्यातल्या, प्लास्टिकच्या; खेळणारे मात्र गुडघे दुखायला लागलेले! खरी इमारत बघायची, तिची नजरेने मापं घ्यायची आणि मग महिनोन् महिने जेवणाच्या टेबलावर ती विटा जोडून उभी करायची. बायकोने जेवायला ताटं कुठे मांडायची, हा प्रश्न क्लबाच्या कामकाजात येत नाही. प्रदर्शनात जी इमारत पहिली येते, ती वर्षभर त्या कपाटात राहते. आणि गेली कित्येक वर्षं त्या कपाटात राहत होता प्रेबेन!

प्रेबेनचं गावात चष्म्याचं दुकान. पण दुपारी दुकान बंद करून तो रोज वाचनालयात जायचा. हातात एखादं पुस्तक असायचं. ते तो वाचत नसे, नुसतं बदलत असे. जाता-येता कपाटाशी थबकायचं, काचेत बघून टाय सरळ करायचा आणि मागे कोणी कौतुक करतंय का, याकडे कान द्यायचा. एवढं झालं की त्याला रात्रीचं जेवण गोड लागायचं.

"यंदा बोदिल पण आहे म्हणे," ग्रेटे म्हणाली. ग्रेटे म्हणजे प्रेबेनची बायको.

प्रेबेनच्या हातातली सुरी थांबली.

"बोदिल? ती पोहायला शिकवणारी? तिला काय येतं!"

"पाण्याच्या टाकीचा जुना मनोरा केलाय म्हणे तिने. सगळे म्हणतायत, वाईट नाही."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे."

लोणी पावाच्या कडेवरून टेबलक्लॉथवर गेलं. कारण तो मनोरा गोल आहे! तुम्ही कधी चौकोनी विटांनी गोल भिंत बांधून बघितली आहे का? नका बघू. प्रेबेनने एकदा बघितली होती. तीन हिवाळे गेले आणि शेवटी जे उभं राहिलं त्याला ग्रेटेने फुलदाणी समजून पाणी घातलं होतं. तेव्हापासून प्रेबेन फक्त सरळ भिंतींच्या इमारती करायचा. यंदा त्याने नगरपालिकेची इमारत केली होती. पायऱ्यापायऱ्यांचं दर्शनी तोंड, आणि वर फिकट हिरव्या विटांचं टोकदार शिखर. तांब्याला जुनं झाल्यावर चढतो ना, तसा हिरवा रंग. तो रंग आता मिळत नाही. जुन्या बाजारात पोरांच्या खेळण्यांचे डबे उपसून उपसून त्याने एकेक वीट जमवली होती.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम पोहण्याच्या तलावाकडून गेला. बोदिल बाहेर सायकलला कुलूप लावत होती.

"काय गं, मनोरा करतेयस म्हणे?"

"छे रे, मनोरा कसला. असंच आपलं, वेळ जात नाही म्हणून," बोदिल म्हणाली.

असंच आपलं! प्रेबेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्य घालवावं लागतं त्याला, आणि ही म्हणते वेळ जात नाही म्हणून!

"गोल भिंत उभी कशी राहते गं तुझी?"

"ते नाही हं सांगणार! गुपित आहे," ती हसत म्हणाली आणि शिट्टी वाजवत आत गेली.

झालं. गुपित म्हणे! त्या गुपिताने प्रेबेनच्या डोक्यात असं घर केलं की दुकानात एका म्हाताऱ्याला त्याने दूरच्या ऐवजी जवळचा चष्मा दिला. म्हातारा खांबाला "गुड मॉर्निंग" करून घरी गेला. त्यातच शनिवारी प्रेबेन खिळे आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला, तर समोर पैसे देणाऱ्यांच्या रांगेत बोदिल. आणि तिच्या हातात डिंकाची नळी!

डिंक! तुम्हाला कदाचित कळणार नाही, पण विटा जोडणाऱ्यांत डिंक म्हणजे महापाप. दारू प्या, सिगारेट ओढा, एकवेळ कर बुडवा. विटेला डिंक लावू नका! वीट विटेवर नुसती दाबून बसली पाहिजे आणि मनात आलं की निघाली पाहिजे. ओडेन्स शहरातल्या एका माणसाचा पूल डिंकाने चिकटवलेला निघाला, तर त्याच्याशी आजही कोणी प्रदर्शनात कॉफी पीत नाही.

"चोर पकडला!" प्रेबेन धावत घरी येऊन ग्रेटेला म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की ग्रेटेला वाटलं, लॉटरी लागली.

"अरे, घरात काही चिकटवायचं असेल तिला."

"काय चिकटवायचं असेल? तूच सांग, माणसाला घरात काय चिकटवायचं असतं?"

"मागच्या आठवड्यात तू माझी बशी चिकटवलीस."

"ते वेगळं!"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांनी आपापल्या इमारती क्रीडागृहात आणून टेबलांवर मांडल्या. शनिवारी सकाळी परीक्षक येणार होत्या, ऑर्हूस शहरातल्या आर्किटेक्ट लिंडेगॉर बाई. बोदिलने चादर काढली आणि अख्खं क्रीडागृह तिच्या टेबलाभोवती जमलं. मनोरा गोल होता. गोल म्हणजे गोलच! कुठे कोपरा नाही, फट नाही. वर साधा, बसका हिरवा घुमट. क्लबाचे खजिनदार मोन्स वाकून वाकून बघत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "वाईट नाही."

कोणी बघत नव्हतं, तेव्हा प्रेबेनने आपल्या नगरपालिकेकडे पाहिलं. सकाळपर्यंत ती त्याला राजवाडा वाटत होती. आता मेली बुटांच्या खोक्यासारखी दिसायला लागली.

मांडामांड झाली की शेजारच्या खोलीत क्लबाचं जेवण असतं. तळलेले मांसाचे गोळे, बटाटे, लाल कोबी आणि मग मोन्सचं गाणं. आमच्याकडे जेवण म्हटलं की कोणीतरी रचलेलं गाणं आलंच! सगळ्यांच्या हातात कागद येतात, कुठल्यातरी जुन्या चालीवर ते म्हणायला लागतं आणि शेवटी उभं राहून तीनदा हुर्रे. मध्येच उठायचं नसतं. मोन्स प्रत्येक सभासदावर एक कडवं रचतात, आणि सभासद काही कमी नाहीत. "या माणसाचा कागद कोणीतरी काढून घ्या," असं प्रेबेन दर वर्षी ग्रेटेच्या कानात म्हणायचा.

यंदा मात्र गाणं सुरू होणार तेवढ्यात तो उठला.

"चष्मा विसरलो हॉलमध्ये."

"चष्मेवाल्यानेच चष्मा विसरावा! अरे, नाकावर आहे की!" मोन्स म्हणाले.

"हा लांबचा. जवळचा राहिला!" असं म्हणून तो सटकला.

त्याचा बेत साधा होता. घुमट जिथे भिंतीला टेकतो तिथली एक वीट उचकटून बघायची. निघाली नाही, म्हणजे डिंक! मग उद्या परीक्षकबाईंच्या कानावर घालायचं. जड अंतःकरणाने, बरं का. एका सभासदाविषयी असं सांगायला किती वाईट वाटतं, तो चेहराही त्याने आरशात करून पाहिला होता.

खिशातून विटा उचकटायची पट्टी काढली, श्वास रोखला, एका विटेखाली घातली. वीट अलगद हातात आली. लोण्यातून सुरी निघावी तशी!

प्रेबेनचं तोंड उतरलं. डिंक नव्हता. "एक नसेल चिकटवलेली," असं म्हणून त्याने दुसरी काढली. तीही निघाली. आता शहाण्या माणसाने काय करावं? दोन्ही विटा परत बसवाव्यात, जाऊन बटाटे खावेत. पण मत्सर माणसाला बटाटे खाऊ देत नाही! तिसरी वीट त्याने काढली मात्र, घुमट एका अंगाला कलला, क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला आणि खळ्ळकन मनोऱ्याच्या पोटात कोसळला.

आतून पोकळ होता हो मनोरा! वरून डोकावून पाहिलं तर पार तळाशी हिरवा चुरा. प्रेबेनने हात घातला. मनगटापर्यंत गेला, पुढे जाईना. बरं म्हणून बाहेर काढायला गेला, तर बाहेरही येईना! आणि नेमकं तेव्हाच भिंतीपलीकडून अख्खा क्लब बेंबीच्या देठापासून गायला लागला:

"प्रेबेन आमचा मनाचा राजा,
चष्मे विकतो, ना गाजावाजा!
दुसऱ्याच्या विटेला लावत नाही हात,
असा माणूस नाही साऱ्या गावात!"

प्रेबेनला दरदरून घाम फुटला. त्या घामानेच हात सुटला म्हणा ना.

आता काय? मनोरा न मोडता आतले तुकडे निघायचे नाहीत. दुसऱ्या हिरव्या विटा हव्यात. अशा विटा साऱ्या हॉलमध्ये एकाच ठिकाणी होत्या. प्रेबेनने नगरपालिकेकडे पाहिलं आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. पण इलाज नव्हता. त्याने स्वतःच्या हातांनी स्वतःच्या नगरपालिकेचं शिखर उतरवलं.

"साधाच करायचा," त्याने मनाला बजावलं. "होता तसा, बसका. किंबहुना जरा वाईटच!"

मनाने ऐकलं, हात ऐकेनात. जन्मभराची सवय! एक वीट वाकडी बसली की त्याच्या बोटांना खाज सुटायची. काही विटा त्याने आडव्या लावल्या, म्हणजे विटांच्या डोक्यावरची गोल बटणं दिसत नाहीत. मग घुमटाला उभ्या फासळ्या काढल्या. फासळ्या काढल्यावर टोकाला काहीतरी हवंच, म्हणून इवलासा झरोक्यांचा कळस केला. मोन्सचं गाणं लांबावं म्हणून जन्मात पहिल्यांदा त्याने देवाची करुणा भाकली, आणि गाणं लांबलंही! शेवटची वीट बसवून तो दोन पावलं मागे सरला. इतकं देखणं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

"वाईट नाही," तो पुटपुटला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, हे तर बोदिलचं आहे!

पलीकडून तीनदा हुर्रे झालं आणि प्रेबेन धावत सुटला. तो खोलीत शिरला तेव्हा लालबुंद झालेला, घामाघूम, शर्टाची एक बाही वर.

"पोट बिघडलं वाटतं?" मोन्स हळूच म्हणाले.

"हो," प्रेबेन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

लगेच त्याच्यासमोरचा थरांचा केक उचलला गेला, ज्यासाठी तो वर्षभर वाट बघतो तो! आणि खुद्द बोदिल स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी ओट्सची पातळ पेज करून घेऊन आली.

"गरम गरम पी. बरं वाटेल."

"तू डिंक कशाला घेतलास गं त्या दिवशी?" पेजेकडे बघत प्रेबेनने विचारलं.

"खुर्चीचा पाय निखळला होता. का रे? तुझी पण निखळलीय का खुर्ची? मी देते करून!"

चांगली माणसं किती छळतात, हे त्या पेजेच्या पहिल्या घोटाला प्रेबेनला कळलं.

सकाळी लिंडेगॉर बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. एकेका टेबलाशी थांबत, मान हलवत पुढे सरकत होत्या. नगरपालिकेपाशी त्यांनी जरा वाकून पाहिलं.

"भिंती नेटक्या आहेत. पण वर काही नाही? टक्कल पडल्यासारखं वाटतंय."

"दुरुस्ती चालू आहे," प्रेबेन म्हणाला. कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई पुढे गेल्या. ग्रेटेने मात्र नवऱ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं.

मनोऱ्याशी बाई थांबल्या त्या हलेचनात. चारी बाजूंनी फिरल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भिंत उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण हा घुमट! हा घुमट सुंदर आहे!"

सुंदर! आमच्या क्रीडागृहात हा शब्द याआधी कोणी उच्चारला असेल तर मला आठवत नाही. प्रेबेनच्या काळजात कळ उठली. वर्षानुवर्षं वाट बघावी, आणि तो शब्द आपल्याच कामाला दुसऱ्याच्या नावावर मिळावा! स्वतःचाच इतका हेवा जगात कोणाला वाटला नसेल.

बोदिल घुमटाकडे टक लावून बघत होती.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मनोरा माझा. पण घुमट माझा नाही. माझा साधा होता. मला नाही येत असलं काही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रात्री हॉलला कुलूप कोणी लावलं? मोन्सनी. किल्ली कोणाकडे? मोन्सकडे. हळूहळू सगळ्या माना मोन्सकडे वळल्या.

"मोन्स! तुम्ही?"

आता, मोन्सच्या कामाला आजवर कोणी 'वाईट नाही' सुद्धा म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या गाण्यांनाही नाही. बिचारे कानापर्यंत लाल झाले, खाली बघून हसले आणि म्हणाले, "आता काय बोलायचं..."

ना हो, ना नाही! पण कोणीतरी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याने साथ दिली आणि लिंडेगॉर बाई मोन्सशी हात मिळवायला पुढे झाल्या. प्रेबेनने दात आवळले. मुठी आवळल्या. बोदिलचा झाला असता तर एकवेळ गिळलंही असतं. पण मोन्स?

"मोन्स?" प्रेबेन इतक्या जोरात ओरडला की बास्केटबॉलची जाळी हलली. "मोन्सला कुत्र्याचं घर नीट करता येत नाही! मी केलाय तो घुमट! मी! माझ्या विटा आहेत त्या! माझं शिखर आहे!"

सगळ्या माना आता मोन्सकडून प्रेबेनकडे वळल्या.

"हो का?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"मग माझा घुमट कुठे आहे?" बोदिलने शांतपणे विचारलं.

"आत."

"कशाच्या आत?"

"मनोऱ्याच्या."

"तो आत कसा गेला?"

यावर प्रेबेनने क्रीडागृहाच्या छपराकडे बघितलं. छपरावर काही लिहिलेलं नव्हतं. मग त्याने सगळं सांगून टाकलं. डिंक, पट्टी, पहिली वीट, दुसरी वीट, तिसरी वीट. मोन्सना मात्र त्यातलं एकच कळलं.

"म्हणजे हे सगळं माझं गाणं चालू असताना?" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "तुझं पोट बिघडलं नव्हतं? तुझं कडवं तू ऐकलंच नाहीस?"

आता मात्र क्लब खवळला! मनोरा मोडला, ठीक आहे, तो परत बांधता येतो. पण गाणं चालू असताना बाहेर? "असं कधी झालं नाही!" "लाज वाटली पाहिजे!" "आम्ही नाही का बसलो शेवटपर्यंत?" प्रेबेनला क्लबातून काढायचीच भाषा निघाली.

"ऐकलं मी," प्रेबेन घाईघाईने म्हणाला. "भिंतीतून ऐकलं. शब्दन् शब्द."

मोन्सचा चेहरा बदलला.

"मग? कसं वाटलं?"

प्रेबेनने एक मोठा श्वास घेतला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

मोन्सचे डोळे भरून आले. त्यांनी प्रेबेनला मिठी मारली आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटलं. बोदिलने तर मनोरा तळातून उघडून आपले तुकडे काढून घेतले आणि म्हणाली, "तुझाच राहू दे घुमट. छान दिसतो." लिंडेगॉर बाईंनी मनोऱ्याला पहिला नंबर दिला आणि दुपारची गाडी पकडून ऑर्हूसला गेल्या. जाताना त्या आमच्या क्लबाविषयी स्टेशनपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, असं त्यांना सोडायला गेलेल्याने सांगितलं.

सोमवारी मनोरा वाचनालयातल्या कपाटात गेला. प्रेबेन दोन दिवस तिकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. ग्रेटेला घेऊन, हातात पुस्तक धरून, आपलं सहजच आल्यासारखा आला. दिवे थेट घुमटावर पडले होते. फासळ्या चमकत होत्या. खाली बोदिलने सुबक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती. प्रेबेन काचेला नाक लावून वाचायला लागला.

"पाण्याच्या टाकीचा मनोरा. रचना: बोदिल कियर." आणि त्याखाली, बऱ्याच बारीक अक्षरात, "घुमटाची दुरुस्ती: प्रेबेन राउन."

"दुरुस्ती?" प्रेबेन उसळला. "दुरुस्ती! ही काय दुरुस्ती आहे? पाइप गळतो त्याची दुरुस्ती होते! 'सुंदर' म्हणाल्या होत्या त्या! सुंदर! आणि अक्षर बघ, मुंगी तरी मोठी असते! मी आत्ताच्या आत्ता जाऊन बोदिलला सांगतो..."

ग्रेटेने त्याचा कोट धरला.

"गप उभा राहा," ती म्हणाली. "मोडला कोणी, ते तिने लिहिलं नाहीये."